'जी-एच' असलेले इंग्रजी शब्द: टफ, दो, थ्रू, थॉट... आणि 'लघु'सुद्धा

पानपिंपळ

नमस्कार मंडळी,

माझं काम भाषांतराचं. इंग्रजी मजकूर मराठीत आणताना गावांची, माणसांची नावं देवनागरीत लिहावी लागतात. तिथे स्पेलिंग बघून भागत नाही, उच्चारच माहीत असावा लागतो. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव मी 'लोघबोरोघ' असं लिहिलं. तपासणाऱ्यांच्या नजरेतूनही ते सुटलं आणि तसंच छापून आलं. खरा उच्चार 'लफबरा'. स्पेलिंग असं: एल-ओ-यू-जी-एच आणि पुढे बी-ओ-आर-ओ-यू-जी-एच. एकाच नावात ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं दोनदा आली आहेत. पहिल्यांदा त्यांचा 'अफ' होतो, दुसऱ्यांदा ओझरता 'अ'.

ती चूक मला फार लागली. तेव्हापासून जी-एच जोडीनं आलेला शब्द दिसला की मी तो वहीत टिपते. वहीचं पहिलं पान ओ-यू-जी-एचचं. टफ, रफ, इनफ यांत ही अक्षरं 'अफ' होतात. कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे गुरांची डोण, यांत 'ऑफ'. दो म्हणजे जरी, डो म्हणजे मळलेलं पीठ, यांत नुसता 'ओ'. थ्रूमध्ये 'ऊ'. बाउ म्हणजे फांदी, प्लाउ म्हणजे नांगर, यांत 'आउ'. थरा म्हणजे कसून केलेलं, त्यात शेवटी तोच ओझरता 'अ'. थॉट, बॉट, सॉटमध्ये 'ऑ'. आणि हिकप म्हणजे उचकी, तिचं एक स्पेलिंग ओ-यू-जी-एच लावूनही करतात, तिथे 'अप'. म्हणजे आठ झाले. देवनागरीत लिहिलं की हे आठ उच्चार आठ वेगळ्या रूपांत समोर येतात. रोमन लिपीत मात्र सगळ्यांच्या अंगावर एकच कपडा.

शाळेत आम्हाला एवढंच सांगितलं होतं की जी-एच सायलेंट असतं, पाठ करा. इतकी वर्षं शब्दांत काम केल्यावर मला ते पटत नाही. हजारो माणसं शेकडो वर्षं एखादं अक्षर हातानं लिहीत राहतात, ते उगाच नसणार. या जोडीमागे काहीतरी आहे आणि ते कळलं तर पाठांतर निम्म्यानं कमी होईल, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे जे असेल ते इथे मांडा. शब्द, नियम, अपवाद, सगळं चालेल.

शब्दकोडी

छान धागा! मी कोड्यांचा माणूस, त्यामुळे अक्षरांची अदलाबदल करण्यापासून सुरुवात करतो. नाइटची पाच अक्षरं हलवली की थिंग होतो. राइटची हलवली की गर्थ, म्हणजे घेर. टफची हलवली की ऑट. घोड्याच्या खिंकाळण्याला ने म्हणतात, एन-ई-आय-जी-एच, त्याची हलवली की हिंज, म्हणजे बिजागरी. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी हाइट आणि एट्थ, उंची आणि आठवा. सहाच्या सहा अक्षरं तीच.

या जोड्या शेजारी ठेवून बघा. नाइटमध्ये जी आणि एच एकत्र आहेत आणि दोघंही गप्प आहेत. थिंगमध्ये ते वेगळे झाले. एचनं टीचा हात धरला, थ झाला. जीनं एनचा हात धरला, ङ झाला. गर्थमध्ये जी ठणठणीत ग आहे. हिंजमध्ये एच म्हणजे ह आणि जी म्हणजे ज. म्हणजे मुकेपणा अक्षरांत नाही, त्यांच्या शेजारपणात आहे.

शेजारी येऊनही बोलतात अशी एक जागा आहे, पण ते जोडशब्द: डॉगहाउस, फॉगहॉर्न, एगहेड. तिथे ग एका शब्दाचा आणि ह दुसऱ्याचा. मध्ये अदृश्य भिंत आहे.

दारचा_चाफा

पानपिंपळताई, तुमच्या शंकेचं उत्तर जर्मन शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच मिळतं. मी जर्मन शिकवते, म्हणून सांगते. पुढचे शब्द मोठ्यानं वाचा. इंग्रजी नाइट, जर्मन नाख्ट. डॉटर, टोख्टर. एट, आख्ट. थॉट, गेडाख्ट. लाफ, लाखेन. या शब्दांत इंग्रजीत जिथे जी-एच लिहितात तिथे जर्मनमध्ये घशातून घासून काढलेला ख़ आहे. हा ख़ एके काळी इंग्रजांच्याही घशात होता. जुन्या इंग्रजीत रात्रीला निख्त म्हणत, मुलीला दोख्तर. तेव्हा तो ध्वनी साध्या एचनं लिहीत.

थोडं बारकाईनं सांगायचं तर जर्मनमध्ये हा ध्वनी दोन प्रकारचा आहे. आ, ओ, उ नंतर तो खोल घशात होतो, नाख्टसारखा. इ, ए नंतर तो पुढे टाळूकडे सरकतो, श आणि ह यांच्या मधला काहीतरी. उजेडासाठीचा जर्मन शब्द मला देवनागरीत नीट लिहिताच येत नाही, लिश्ट आणि लिह्ट यांच्या मध्ये कुठेतरी. जुन्या इंग्रजीतही असाच फरक होता, आणि पुढे जे घडलं ते समजायला तो उपयोगी पडतो.

स्कॉटलंडमध्ये हा ख़ अजून जिवंत आहे. तिथल्या तळ्याला लॉख म्हणतात, लॉक नव्हे. स्कॉट्स बोलीत रात्र अजूनही निख्त आहे. आयर्लंडमधल्या तळ्याचं स्पेलिंग एल-ओ-यू-जी-एच, आणि उच्चार तोच लॉख. तुमच्या आठ उच्चारांत हा नववा घाला. गंमत म्हणजे हाच उच्चार स्पेलिंगशी सगळ्यात प्रामाणिक आहे.

पानपिंपळ

चाफाताई, अंगावर काटा आला. नाख्ट आणि नाइट शेजारी लिहून बघितलं आणि तो जी-एच एकदम दिसायला लागला. मग ख़ लिहायला एच सोडून जी-एच कुठून आलं? आणि आवाज गेला कुठे?

दारचा_चाफा

लिहिण्याची गोष्ट आधी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, जुन्या पद्धती मोडल्या. मधल्या काळात या ध्वनीला योख नावाचं एक अक्षर वापरत, दिसायला इंग्रजी 3 या आकड्यासारखं. हळूहळू त्याची जागा जी-एच या जोडीनं घेतली. छापखाना आल्यावर ते अक्षर मागेच पडलं. स्कॉटलंडमध्ये छापणाऱ्यांनी काही नावांत त्याच्या जागी झेड वापरला. तुमच्या कामाची गोष्ट म्हणून सांगते, मेन्झीज असं दिसणारं स्कॉटिश आडनाव तिथे पुष्कळ लोक मिंगिस म्हणतात. तो झेड मुळात झेड नव्हताच.

आवाजाचं म्हणाल तर पंधराव्या ते सतराव्या शतकात तो ठिकठिकाणी विरत गेला. दोन वाटा झाल्या. बहुतेक शब्दांत ख़ गळाला आणि जाताना आधीचा स्वर लांबवून गेला. निख्तचा नीट झाला. त्याच सुमारास इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर सरकत होते, ई चा आइ होत होता, म्हणून नीटचा नाइट झाला. आय-जी-एच दिसलं आणि त्याआधी ई नसला की आइ म्हणा हा नियम यातूनच आला. लाइट, साइट, राइट, फ्राइट, हाय, साय. मला तरी याला अपवाद सापडलेला नाही.

दुसरी वाट फची. खोल घशातल्या ख़ आधी उ किंवा ओ असला की ओठ गोल होतात. गोल ओठांनी ख़ म्हणून बघा, ऐकणाऱ्याला तो फसारखा लागतो. काही बोलींत तो फच झाला. टफ, रफ, कॉफ, लाफ हे त्या वाटेनं आलेले. प्रमाण इंग्रजीनं काही शब्द एका बोलीतून उचलले, काही दुसरीतून, म्हणून तुमच्या वहीत असा गोंधळ दिसतो. डो या शब्दाचा बोलीतला सख्खा भाऊ डफ आजही आहे, उकडलेल्या पुडिंगासाठी वापरतात. स्लाउ म्हणजे दलदल आणि स्लफ म्हणजे कात टाकणं, या दोघांचं तर स्पेलिंगही एकच.

सरळसोट

माहिती चांगली आहे, पण माझा मुद्दा वेगळा. आवाज चारशे वर्षांपूर्वी गेला, तर अक्षरं अजून का वागवायची? जगभरची मुलं या दोन अक्षरांपायी मार्क घालवतात. आपण मराठीत हे ओझं टाकलंच की. पूर्वी पांच, दांत, कांटा, नांव असं लिहायचे. तो अनुस्वार कुणी उच्चारत नव्हतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळानं नियम केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आज पाच, दात, काटा लिहिताना कुणाचं काही अडत नाही.

अमेरिकेतही प्रयत्न झाले. १९०६ साली तिथे सोप्या स्पेलिंगसाठी एक मंडळ निघालं, पैसा उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींचा. त्यांच्या ३०० शब्दांच्या यादीत थ्रूसाठी टी-एच-आर-यू आणि दोसाठी टी-एच-ओ होतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ती यादी वापरायला सांगितली. तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, विरोध केला आणि त्याच वर्षी त्यांना माघार घ्यावी लागली. शिकागो ट्रिब्यून या वर्तमानपत्रानं १९३४ पासून सोपी स्पेलिंगं छापायला घेतली आणि १९७५ मध्ये सोडून दिली. ड्राफ्ट आणि प्लाउ मात्र अमेरिकेत जी-एचशिवाय रुजले. म्हणजे जमतं. इच्छा हवी.

अक्षरवेल

सरळसोट, तुमचं अनुस्वाराचं उदाहरण इतकं नेमकं आहे की मी त्यातूनच उलट बाजू मांडते. पांचमधला अनुस्वार म्हणजे पञ्चमधला ञ. दांतमधला म्हणजे दन्तमधला न. कांटामधला म्हणजे कण्टकमधला ण. नांवमधला म्हणजे नाममधला म. तो अनुस्वार काढला तेव्हा लिहिणं सोपं झालं हे खरं, आणि मुलांसाठी ते बरंच झालं. पण दात आणि दन्त यांच्यामधला पूल डोळ्यांना दिसेनासा झाला, हेही तितकंच खरं. इंग्रजीनं तो पूल ठेवला आहे. ठेवावा की नाही यावर मी भांडणार नाही. पण तो ठेवलाय तर त्यावरून चालत जाऊन पलीकडे काय आहे ते बघू तरी.

पलीकडे संस्कृत आहे. डॉटर, जर्मन टोख्टर, फारसी दुख्तर आणि संस्कृत दुहिता, हा एकच शब्द. इंग्रजीतला न बोलणारा जी-एच आणि दुहितामधला ह एकाच मुळातून आलेत. नाइट म्हणजे नक्त. नक्तंचर म्हणजे रात्री हिंडणारा, तोच तो नक्त. एट म्हणजे अष्ट. राइट म्हणजे सरळ, बरोबर, आणि त्याच धातूतून आपला ऋजु.

आता लाइट घ्या. इंग्रजीत दोन लाइट आहेत, स्पेलिंग एक, उच्चार एक. उजेड म्हणजे लाइट, तो रुच् (चमकणं), रोचते या घराण्यातला. आणि हलका म्हणजे लाइट, तो आपला लघु. हा लाइट लिहिताना एल-आय-जी-एच-टी लिहायचं, आणि लघु लिहिताना ल, मग घ. अक्षरांची पद्धत वेगळी, काळ वेगळा, पण दोन्हीकडे ते व्यंजन एकाच आदिम कंठ्य ध्वनीचं वंशज आहे. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसते ते दोन शब्द कागदावर शेजारी लिहून बसले होते.

जाता जाता, फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री. जुने जर्मानिक लोक, म्हणजे इंग्रज-जर्मनांचे पूर्वज, दिवस रात्रींनी मोजत. आपण त्याच मुदतीला पंधरवडा म्हणतो आणि पंधरा मोजतो.

खडूफळा

मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि हा धागा वाचून उद्याच्या तासाची तयारी बदलली. माझ्याकडून वर्गात उपयोगी पडणाऱ्या गोष्टी.

मुलांची सगळ्यात मोठी अडचण ब्रॉट आणि बॉट. आणलं की विकत घेतलं? मी फळ्यावर ब्रिंग लिहितो आणि आर अक्षराभोवती रंगीत खडूनं गोल काढतो. मग ब्रॉट लिहितो आणि त्याच्याही आरला गोल. बायमध्ये आर नाही, म्हणून बॉटमध्येही नाही. एवढ्यानं चूक थांबते. पण बाकीचे? थिंकचं थॉट, सीकचं सॉट, टीचचं टॉट, कॅचचं कॉट. हे मी आजवर अनियमित म्हणून पाठ करून घेत आलो. चाफाताईंनी ख़ दाखवल्यावर मला हे अनियमित वाटतच नाहीत. क, च किंवा ग नंतर त आला की आधीच्याचा ख़ व्हायचा, असंच ना?

अक्षरवेल

बरोबर तेच. आपल्याकडे युज् ला त लागला की युक्त होतं, वच् ला त लागला की उक्त. कुणी त्याला अनियमित म्हणत नाही, संधी म्हणतात. टीचचं टॉट हे वच् चं उक्त आहे असं समजा. शेवटचं व्यंजन पुढच्या त मुळे बदललं, जुन्या जर्मानिकमध्ये त्याचा ख़ झाला, तो ख़ जी-एच म्हणून लिहिला गेला आणि मग बोलण्यातून गळाला.

कॅच मात्र बाहेरचा. तो नॉर्मन फ्रेंचमधून आला, त्यामुळे त्याला हा वारसा नाही. लॅच म्हणजे पकडणं हा जुना इंग्रजी शब्द होता, त्याचं भूतकाळी रूप लॉट. त्याच्या देखादेखी कॅचनं कॉट हे रूप घेतलं.

खडूफळा

मग आणखी एक रांग देतो, ही नामांची. क्रियापद किंवा विशेषणाच्या शेवटी वाय किंवा डब्ल्यू, आणि त्याचं नाम जी-एच-टीवालं. फ्लाय, फ्लाइट. ड्राय, ड्राउट म्हणजे दुष्काळ. ड्रॉ, ड्राफ्ट, तोच ए-यू-जी-एचवाला. स्ले म्हणजे ठार मारणं, त्याच्या नात्यातला स्लॉटर. स्लाय म्हणजे लबाड, स्लाइट म्हणजे हातचलाखी. मे, माइट. त्याच नमुन्यावर सी आणि साइट. मी हे आजवर सुटे सुटे शिकवले.

दारचा_चाफा

हे वाय आणि डब्ल्यू म्हणजे मऊ झालेले ग आहेत. डे हा शब्द जर्मनमध्ये टाग आहे, वे, म्हणजे रस्ता, जर्मनमध्ये वेग, आणि से, म्हणजे सांगणं, जर्मनमध्ये झागेन. ड्रॉ आणि ड्रॅग तर इंग्रजीतच शेजारी राहतात. शब्दाच्या शेवटी ग विरघळून य किंवा व झाला. पुढे ट होता तिथे तो ख़ होऊन टिकला आणि जी-एच म्हणून लिहिला गेला. म्हणून फ्लायला फ्लाइट. दुसरा वे म्हणजे वजन करणं आणि वेट म्हणजे वजन, यांत तर दोन्हीकडे जी-एच शिल्लक आहे.

कोवळं_ऊन

मी बारावीत आहे, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांगा. मला घोस्ट, स्पॅगेटी, घेटो, घी हे शब्द यात बसत नाहीत असं वाटतंय. यांत जी-एचचा ग होतो. आणि डिलाइट तर लाइटपासूनच आला असेल ना?

पानपिंपळ

स्वागत आहे गं. चुकण्याचं काही नाही. वहीत माझं दुसरं पान याच शब्दांचं आहे.

सुरुवातीला जी-एच असेल तर तो कधीच गप्प नसतो. घोस्टमध्ये पूर्वी एच नव्हता. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. त्याआधी तो बरीच वर्षं फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, होता, तिथली छपाईची सवय आणि माणसं बरोबर आली. फ्लेमिश भाषेत भुताच्या शब्दात जी-एच होतं, ते इंग्रजी घोस्टमध्ये आलं आणि चिकटलं. मग गॅस्टली आणि अगास्ट यांनीही ते उचललं. त्या काळी गूस आणि गोट यांनाही असा एच लावलेला सापडतो, पण तो टिकला नाही.

स्पॅगेटी आणि घेटो इटालियन. तिथे जीच्या नंतर ई किंवा आय आला की ज होतो, तो ग राहावा म्हणून मध्ये एच घालतात. गर्किन म्हणजे लोणच्याची काकडी, आणि डिंगी म्हणजे छोटी होडी, यांतला एचही याच कामाला. डिंगी तर आपल्याकडूनच गेलेला शब्द, एच नसता तर इंग्रजांनी डिंजी म्हटलं असतं. घाट, घी आणि घेराव यांत मात्र जी-एच म्हणजे थेट आपला घ. घेराव हा १९६०च्या दशकातल्या कामगार आंदोलनांमधून इंग्रजीत गेला. घूल म्हणजे पिशाच्च, तो अरबीतला, तिथे तो ग़.

डिलाइटबद्दल तुझा अंदाज इंग्रजांनीही केला होता! हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात जी-एच नव्हतं. सोळाव्या शतकात लोकांनी लाइटच्या ओढीनं तसं लिहायला सुरुवात केली. हॉटी म्हणजे गर्विष्ठ, त्याचंही तेच. मुळात फ्रेंच ओ, म्हणजे उंच. हिकपचं स्पेलिंगही खोकल्याशी नातं जोडून असंच बदललं. म्हणजे या तीन शब्दांत घशातला ख़ कधी नव्हताच. मी त्यांच्यापुढे वहीत लाल टिंब दिलंय.

शब्दकोडी

म्हणजे ते जी-एच, ओ, टी-आयवालं फिशचं कोडं खोटं ठरलं. इनफमधला जी-एच म्हणजे फ, विमिनमधला ओ म्हणजे इ, नेशनमधला टी-आय म्हणजे श, म्हणून 'घोटी' असं दिसणारा शब्द फिश वाचायचा. ते बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवतात, पण १८५५ च्या एका पत्रात ते आलंय आणि शॉ जन्मले १८५६ साली. मी ते वर्षानुवर्षं लोकांना घालत आलोय. पण सुरुवातीचा जी-एच फ होऊच शकत नाही. फ होतो तो फक्त उ-ओच्या मागून आलेला, तोंडातल्या तोंडात गोल झालेला ख़. आज हे पहिल्यांदा कळलं.

आणि लाफ्टर-स्लॉटर! मागचे आठ अक्षरांचे तुकडे सारखे. पुढे एक एस लावला की हसणं जाऊन कत्तल येते आणि फ जाऊन ऑ येतो.

सरळसोट

अक्षरवेल, तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. मुलांवरचं ओझं कमी व्हावं हे मला अजूनही वाटतं आणि वाटत राहील. पण एक मान्य करतो. नाइट म्हणजे सरदार, के-एन-आय-जी-एच-टी, या शब्दाचा मी कायम राग राग केला. सहा अक्षरांत तीन मुकी. काल त्याचा जुना उच्चार करून बघितला, क्निख्त. सगळी अक्षरं बोलली. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता पोरगा असा होता, आणि जर्मनमध्ये क्नेख्ट म्हणजे चाकर. चाकराचा इंग्रजीत सरदार झाला. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर ते स्पेलिंग मी एकदाही चुकलो नसतो.

खडूफळा

सरळसोट, हे सांगायला वर्गात तीन मिनिटं लागतात. मी काल सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलानं क्निख्त असं तीनदा म्हटलं आणि मग सगळ्या वर्गानं. आज शुद्धलेखनात तो शब्द घातला होता. चुका अर्ध्याहून कमी.

नेबरही सांगितला. नाय म्हणजे जवळ, एन-आय-जी-एच, आणि पुढचा बर म्हणजे वस्ती करून राहणारा. जवळ राहणारा तो नेबर. नियर आणि नेक्स्ट हेही त्याच नायच्या घरातले. नेक्स्ट म्हणजे सगळ्यात जवळचा.

पानपिंपळ

मी वही पुन्हा मांडतेय. आधी उच्चाराप्रमाणे रकाने केले होते, अफ, ऑफ, ओ, ऊ. ते खोडले. आता पहिल्या रकान्यात ज्यांच्यात खराच ख़ होता ते. दुसऱ्यात ज्यांनी देखादेखी जी-एच घेतलं ते. तिसऱ्यात ग कडक ठेवण्यासाठी एच आलेले. चौथ्यात परक्या घ, ग़चे. थ्रू आणि थरा दोन वेगळ्या ओळींत होते, ते मूळचे एकच शब्द निघाले, म्हणून एका ओळीत आणले. थरफेअर म्हणजे आरपार जाणारा रस्ता, त्यात ते उघडच दिसतं. नॉटीही नॉटखाली नेला: नॉट म्हणजे शून्य, काही नसणं, त्यावरून कफल्लक, मग वाईट, आणि आता खोडकर.

एक अडलंय. डिस्ट्रॉट, म्हणजे मन सैरभैर झालेलं. हा कुठे?

अक्षरवेल

दुसऱ्या रकान्यात. तो डिस्ट्रॅक्टच आहे, लॅटिनमधून आलेला. कॉट, टॉट यांच्या चालीवर त्याचं रूप वळलं.

कोवळं_ऊन

सगळ्यांचे खूप आभार. आज रसायनशास्त्राच्या पुस्तकात रॉट आयर्न आलं, डब्ल्यू-आर-ओ-यू-जी-एच-टी. आमच्या मराठी पुस्तकात त्याला घडीव लोखंड म्हटलंय. मी खडूफळा सरांची रांग आठवली, शेवटी ओ-यू-जी-एच-टी म्हणजे कशाचातरी भूतकाळ. राइटचा असेल असं आधी वाटलं, मग अर्थ जुळेना. वर्कचा का? वर्क केलेलं, म्हणून घडीव?

खडूफळा

शाब्बास! वर्कचाच. वर्कमधला क पुढच्या त मुळे ख़ झाला आणि आर स्वराच्या अलीकडे उडी मारून आला. घडीव हा मराठी शब्द तर त्याचं अगदी चपखल भाषांतर आहे.

तुला आणखी एक भावंड देतो. प्लेराइट, म्हणजे नाटककार. माझे निम्मे विद्यार्थी त्याचं स्पेलिंग लिहिणं या अर्थाच्या राइटनं करतात आणि चुकतात. तो डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी आहे, जुना अर्थ कारागीर, घडवणारा. चाकं घडवणारा व्हीलराइट, जहाजं घडवणारा शिपराइट, तसा नाटक घडवणारा प्लेराइट. पानपिंपळताई, हा शब्द वहीत वर्कखाली, रॉटच्या शेजारी लिहा. लाइट-नाइटच्या रांगेत टाकू नका.